दहा लाख एक

साखरपुड्यात अंकशास्त्री गुरुजींनी चांदीची पाटी पुढे केली. तिच्यावर कोरलं होतं : १०,००,००१. "अखंड संख्या! हिला कशानेच भाग जात नाही. संसारही असाच टिकेल."

"एकशे एकने जातो," गणिताची प्राध्यापक असलेली नवरी मृण्मयी म्हणाली. "नऊ हजार नऊशे एक वेळा."

"कॉलेजातलं गणित वेगळं, ही विद्या वेगळी," होणाऱ्या सासूबाई फणकारल्या.

मृण्मयीला हसू आलं. तिने यशोधनला, होणाऱ्या नवऱ्याला, मोबाइल दिला. "तूच भागून बघ."

त्याने भागलं. बाकी शून्य. आईकडे चोरून पाहत त्याने आकडे पुसले. "गुरुजींचंच बरोबर आहे."

मृण्मयीचं हसू मावळलं.

"गुरुजींना भागाकार येत नसेल. तुला येतो," ती म्हणाली आणि अंगठी काढून तिने त्याच्या हातात ठेवली.