जेवलात का?

पिरंगुटला भाड्याच्या खोलीत राहणारा स्वानंद एका कर्ज देणाऱ्या कंपनीत वसुलीला होता. थकलेल्या हप्त्यासाठी फोन केला तरी तो पैशांचं नावच काढायचा नाही. "जेवलात का? आई बऱ्या आहेत ना?" एवढं विचारून फोन ठेवायचा. समोरचा असा काही ओशाळायचा, की संध्याकाळच्या आत हप्ता जमा. या मधाळ वसुलीबद्दल पुण्यातल्या एका मोठ्या हॉटेलात त्याला 'उत्कृष्ट वसुली व ग्राहकसेवा' पुरस्कार मिळाला.

"ही कला कुणाकडून शिकलात?" निवेदिकेने विचारलं.

"उपजतच आहे," कॉलर ताठ करत स्वानंद म्हणाला.

ट्रॉफी मिरवत तो घरी आला, तर घरमालकीण साळूबाई अंगणात लसूण सोलत बसलेल्या.

"जेवलास का रं? आई बरी हाय न्हवं गावाकडं?"

स्वानंदने ट्रॉफी ओट्यावर ठेवली, खिशातून फोन काढला आणि दोन महिन्यांचं थकलेलं भाडं उभ्या उभ्या पाठवून दिलं.



पदराखालचा फोन वाजला, तशी साळूबाईंनी ट्रॉफी उचलून पाहिली. "लई जड हाय की. कशाबद्दल दिली म्हणायची ही?"