एकाच ताग्याच्या पिशव्या

“ही नको मला,” बाई म्हणाली आणि निळी पिशवी तिने टेबलावरून परत मावशींकडे सरकवली.

प्रार्थनाघराच्या मागच्या खोलीत पिशव्यांचं वाटप चाललं होतं. सरहद्दीपलीकडून परत पाठवलेली एकोणीस माणसं दुपारी तिथे उतरली होती. प्रत्येकाच्या हातात प्लास्टिकची पारदर्शक थैली, वर जाड शाईने नंबर. आतलं सगळं बाहेरून दिसायचं. कंगवा, गोळ्यांचं पाकीट, घडी केलेला कागद. ती थैली घेऊन माणूस रस्त्याने निघाला की लोक आधी थैलीकडे बघत, मग तोंडाकडे. म्हणून मावशींनी पिशव्या शिवायला घेतल्या होत्या. पडद्याच्या दुकानवाल्याने निळ्या कापडाचे तागे दान दिले होते. चांगलं जाड कापड, बंदांना दुहेरी टीप. दोन वर्षं मावशींच्या मशीनवर दुसरा रंग चढला नव्हता. शेवटची टीप घालताना त्या प्रत्येक पिशवीवर तेच म्हणत, नेणाऱ्याला घरी पोचव.

“का गं बाई, रंग शोभत नाही का?” काकूंनी विचारलं. वाटपाचं काम काकूंकडे होतं. त्यांचा हात सढळ होता, जीभ तिखट. “इथं दुकान नाही मांडलेलं. उद्या झालर लावून मागशील.”

“रंगाचं नाही, काकू.” बाईने मान वर केली नाही. “मी मागच्या वर्षीही आले होते. याच खोलीत. तुम्हीच पिशवी दिली होती.”

“मग?”

“स्टँडवर पोचायच्या आत एक जण आला. गोड बोलला. पिशवी बघूनच आला तो. निळी पिशवी म्हणजे आजच परत आलेला माणूस, हे त्या लोकांना ठाऊक आहे. दमलेला, ओळख ना पाळख. अकरा दिवस कोंडून ठेवलं मला. भावाने घरावरचे पत्रे विकून पैसे भरले तेव्हा सोडलं.” ती थांबली. “या वेळी विकायला घरात काही राहिलेलं नाही.”

काकू टेबलावरचे कप उगाच सरळ करत राहिल्या.

“हे सगळ्यांना माहीत आहे?” मावशींनी विचारलं.

“तुम्हाला सोडून सगळ्यांना.”

मावशींसमोर पिशव्यांची चळत होती. वरच्या पिशवीची टीप त्यांनी बोटाने चाचपली. टीप पक्की होती.

“पोलिसांत सांगायचं होतंस,” काकू म्हणाल्या.

“सांगितलं होतं.”

“मग आम्ही येतो स्टँडपर्यंत सोडायला.”

“आणि पुढे? माझ्या गावाला उतरले की मागोमाग तोही उतरेल. पिशवी काय, लांबूनही दिसते.”

मावशी उठल्या. खुंटीवरची स्वतःची पिशवी त्यांनी काढली. रंग उडालेली, एका कोपऱ्याला ठिगळ, पोटावर तेलाचा डाग. आतले कांदे, कात्री, चष्म्याचं घर त्यांनी टेबलावर ओतलं.

“ही घे पोरी. हिच्याकडे कुत्रंही बघायचं नाही.”

काकूंनी त्या कांद्यांकडे बघितलं. मग आपली पिशवी उघडून त्याही एकेक वस्तू बाहेर काढू लागल्या. “माझी कुणाला हवी? चेन अर्ध्यावर अडकते, आधीच सांगते. मागून नावं ठेवायची नाहीत.”

भांडी घासत असलेल्या दोघी हात पुसत आल्या. एकीने पिशवी रिकामी केली. दुसरी काही न बोलता चपला घालून बाहेर पडली आणि शेजारपाजारची दारं ठोठावू लागली. सगळ्यांना जुनी पिशवी मिळेपर्यंत कुणीही निघायचं नाही, असं काकूंनी बजावलं. पण बाईची गाडी पाचची होती आणि दिवसात तेवढीच एक.

मावशींनी आपले कांदे आणि कात्री निळ्या पिशवीत भरली.

“मी पुढे होते. तू मागून ये, वीस पावलं सोडून. रस्त्यात मला ओळखायचं नाही.”

स्टँडच्या कोपऱ्यावर इस्त्रीचा शर्ट घातलेला एक तरुण उभा होता. दोऱ्याची रिळं आणायला मावशी याच रस्त्याने दर आठवड्याला जात. त्याने कधी त्यांच्याकडे मान वळवली नव्हती. आज तो हसत सरळ समोर आला.

“आई, आजच आलात ना? किती दमलाय. या, इकडे सावलीत बसा.”

मागून पावलं आली. जवळ आल्यावर जरा अडखळली, मग बाजूने पुढे गेली. मावशींनी तिकडे बघितलं नाही.

“हो रे बाबा,” त्या म्हणाल्या. “आजच आले.”

आणि बाकावर टेकल्या. पिशवी त्यांनी मांडीवर घेतली, दिसेल अशी.

त्याने खिशातून फोन काढला. “घरची माणसं काळजीत असतील. नंबर सांगा, बोलणं करून देतो.”

पलीकडे गाडी सुरू झाली होती. दारात गर्दी होती, बाई अजून खालच्या पायरीवर होती.

मावशींनी डोळे मिटले, कपाळाला बोट लावलं.

“सात,” त्या म्हणाल्या. आणि बऱ्याच वेळाने, “थांब हं बाळा. दुसरा आकडा आठवतेय.”