विहाराचा ड्रम

"अवं सत्यवती, टँकर आला! संगं पाणीखात्याचा साहेबबी आहे!"

विहाराच्या ओट्यावरून बायजाबाई ओरडली, तशी सत्यवती लेकीला काखोटीला मारून बादली घेऊन धावत सुटली.

सहा महिन्यांची पोर घामोळ्यांनी लालभडक झाली होती. नागपुरातल्या नंदनवनच्या टोकाची ती वस्ती. विहीर आटली तेव्हापासून पोरीला नुसतं ओल्या फडक्यानं पुसणं चाललं होतं. आज मात्र डोक्यावरून न्हाऊ घालायचंच!

विहाराच्या ड्रमला हात लावायची सोय नव्हती. टँकर चुकलाच तर प्यायला म्हणून भन्तेजींनी घरटी रोज एक लोटा त्यात टाकायला सांगितलं होतं. ते ऐकून मारुतीच्या पुजाऱ्यांनी अभिषेक थांबवला आणि भक्तांचे लोटे देवळाच्या हौदात रिते करायला लावले. मग काय, चुरसच लागली! डाळ धुतलेल्या पाण्यात भांडी, भांड्यांच्या पाण्यात मोरी. "हौदवाले पुढं चालले नं वं!" म्हणत बायजाबाई दारोदार फिरायची. काल दोन्ही काठोकाठ भरले. दोन दिवसांची बेगमी झाली.

साहेब घाम पुसत टँकरमधून उतरले. "काय, कसं काय चाललंय?"

वस्तीचे पुढारी रुपराव हात जोडून पुढे झाले. "लय हाल आहेत साहेब. प्यायले थेंब—"

सत्यवतीला राहवेना. एवढ्या बायांचे कष्ट, आणि हे रडगाणं काहून? बी.ए. झालेली ती; बोलायला कचरली नाही. "साहेब, आधी आमचा ड्रम तर बघा!"

"अन् आमचा हौद?" पुजारी पुढे सरसावले.

सगळी वस्ती साहेबांच्या मागे. साहेबांनी ड्रमचं झाकण उचललं. हौदात वाकून पाहिलं. चेहरा खुलला.

"वा! अख्ख्या नागपूरनं शिकावं तुमच्याकडून. कल्पना कुणाची?"

"भन्तेजींची. पण भरला सगळ्यांनी," सत्यवती म्हणाली.

"पाय वं, पेपरात फोटो येते आता तुया!" बायजाबाईनं कोपरखळी मारली. पोरांनी टाळ्या पिटल्या. रुपराव तेवढे मान खाजवत उभे होते.

बाया टँकरकडे पळाल्या. सत्यवतीनं आपली बादली सगळ्यांत पुढे, नळीखाली लावली.

साहेब टँकरमध्ये चढून बसले आणि ड्रायव्हरला म्हणाले, "नत्थूजी, पुढच्या वस्तीत घ्या. इथला फेरा आजपासून बंद. यांच्याकडे पाणी आहे."