कानस लावण्याआधी

"मामा, पिस्तुलाची मूठ हातात बसत नाही. जरा घासून द्या, रविवारी नेमबाजीची स्पर्धा आहे."

सुतारमामांनी अक्रोडाची मूठ उलटीपालटी करून पाहिली. घामानं लाकूड काळवंडलं होतं ते लांब बोटांखाली. या पोरीची आखूड बोटं तिथवर पोचली नसती. मामांच्या मनात पाल चुकचुकली. एकदा घासली, की मूठ खऱ्या मालकाच्या कामातून गेली.

"कुणाची उचललीस?"

"ताईची. लग्नानंतर तिनं खेळणंच सोडलंय."

"तिला विचारलंस?"

पोरीनं कानस त्यांच्यापुढे सरकवली.

"लाव फोन. माझ्यासमोर."

तिनं निमूट लावला. "ताई, रविवारच्या स्पर्धेसाठी तुझी मूठ घासून घेतेय."

"खबरदार!" फोनमधून आवाज कडाडला. "रविवारी मीच उतरणार आहे!"

पोरीनं मामांच्या हातातून मूठ काढून घेतली. "पुन्हा खेळ म्हणून दोन वर्षं विनवण्या केल्या, तेव्हा हलली नाही," ती हसली. "स्पर्धेला नाव तिचंच दिलंय, मामा."