पाण्यातला हायड्रोजन

“सर, वजन वाढलंच नाही,” असं म्हणत ईशानीने कागद पुढे केला.

देवव्रतने तो वाचला आणि टेबलावर पालथा ठेवला. वाईट बातमी पालथी ठेवली की निम्मी होते, असा त्याचा अनुभव होता. साजगावच्या या औषधांच्या कारखान्यात गेले सात महिने तो एकच गोष्ट सांगत आला होता. रसायनात हायड्रोजन भरायला स्फोटाची धास्ती असलेले सिलिंडर नकोत, साधं पाणी पुरे. त्यातला हायड्रोजन आपला उत्प्रेरक ओढून घेतो. बारा वेळा प्रयोग केला, बाराही वेळा जमला. आज शेठ नव्या प्लँटच्या कागदांवर सही करायला येणार होते. देवव्रत त्या प्लँटचा प्रमुख होणार म्हणून कर्जतच्या नातेवाइकांनी तर त्याचं अभिनंदन आधीच उरकून घेतलं होतं.

त्याच्या हाताखालच्या ईशानीला मात्र खात्री करून घ्यायची खोड. तिने साध्याऐवजी जड पाणी घातलं, म्हणजे ज्यातला हायड्रोजनच नेहमीपेक्षा वजनदार असतो असं. हायड्रोजन पाण्यातून येत असेल, तर तयार माल तेवढा जड भरायला हवा. माल झाला, पण नेहमीच्याच वजनाचा.

“म्हणजे तो पाण्यातून येत नाही, सर.”

“मग काय आभाळातून येतो?”

“स्पिरिटमधून येऊ शकतो. पण आपण स्पिरिट घातलंच नाही.”

“नाही ना? मग झालं तर. तुझं मशीन बिघडलंय.”

कागद खणात गेला आणि खणाला कुलूप लागलं.

अजेयशेठ आले, खूश झाले, सही करून मोकळे झाले. निघताना त्यांची नजर कोपऱ्यात काचेची भांडी धुणाऱ्या ललिताकडे गेली. तिने उघडलेल्या नळातून नुसती हवा येत होती.

“पाण्यावर नाव काढणारी लॅब, आणि नळाला पाणी नाही?” शेठ म्हणाले. “उद्यापासून इथे दिवसभर पाणी. आणि देवव्रत, परवा गिऱ्हाइकांना बोलावलंय. त्यांच्यासमोर एकदा करून दाखवा.”

ललिताने पदराला हात पुसले.

“लय बरं झालं, शेट. आता काचा पान्यानं धुवायला गावतील. इतकं दिस त्या स्पिरिटनंच विसळत व्हते. तळाला थोडं ऱ्हायचं, पन सायेब कदी काय बोललं नाय.”