आपलंच घर समजा

मॉसी कॉटर शिडीवर चढून पाटीचा शेवटचा स्क्रू पिळत होता, तेवढ्यात खाली मिस ऑनर पॉन्सफोर्ड पबात शिरल्या. मॉसीच्या हातून स्क्रू निसटला तो थेट बॅटी हर्लीच्या स्टाउट बिअरच्या ग्लासात पडला. बॅलीक्रीनच्या या पबात आजवर एकाही पॉन्सफोर्डचं, म्हणजे गावच्या जुन्या इंग्रज जमीनदारांपैकी कुणाचं, पाऊल पडलं नव्हतं. बॅटीने डोक्यावरची टोपी काढली. मग आपण ती का काढली हे न कळून पुन्हा घातली.

पाटीवर लिहिलं होतं, 'डिनी कॉटर. यांनी १९२१ साली स्वातंत्र्ययुद्धात पॉन्सफोर्डांची हवेली जाळली.' रविवारी अनावरण होतं. बँड सांगून झाला होता. मॉसीचा पब त्या आगीवरच तर चालायचा. आपला आजोबा डिनी चार गडी घेऊन कसा गेला, आधी पियानो कसा जपून बाहेर काढला, तरण्या ऑनरला हिरवळीवर खुर्ची देऊन 'बसा बाईसाहेब, आपलंच घर समजा' कसं म्हणाला आणि मग काडी कशी लावली, हे मॉसी रोज सांगे आणि गाव रोज हसे. मिस ऑनर तेव्हापासून हवेलीच्या तबेल्यात राहत होत्या. सुंभ जळाला तरी पीळ जळाला नव्हता. गेली पन्नास वर्षं समोरून कॉटर आला की त्या आभाळाकडे बघत चालत.

"खाली उतर," त्या म्हणाल्या. "मान दुखते माझी. आणि चुलत आजीशी कुणी शिडीवरून बोलत नाही."

मॉसी उतरला. "बाईसाहेब, सकाळी सकाळी घेतलीत की काय?"

"शेरीखेरीज काही नाही. ऐक. माझा भाऊ मर्विन गेला, मूलबाळ नाही. आता घराण्याचा पुढचा 'सर' कोण होणार, म्हणून डब्लिनचा एक वंशावळवाला लावला. त्याने कॅनडा शोधला, केनिया शोधला. निघालास तू."

मागची गोष्ट सगळ्यांना ठाऊक होती, नुसती तिच्या शेपटाची कुणाला खबर नव्हती. जुन्या सर रिचर्डचा थोरला मुलगा जॅस्पर. त्याने हवेलीच्या फाटकवाल्याच्या मुलीशी, नोरा कॉटरशी, कॅथलिक देवळात लग्न केलं आणि वर्षभरात घोड्यावरून पडून मेला. लग्न फादरने लावलेलं आणि नवरा प्रॉटेस्टंट, म्हणजे कायद्याने लग्नच नव्हे, असं म्हणून पॉन्सफोर्डांनी नोराला तान्ह्या डिनीसकट वाटेला लावलं. पुढे म्हातारा गेल्यावर पदवी आणि हवेली धाकट्याकडे आली. तो धाकटा म्हणजे मिस ऑनरचे वडील.

"लग्न खोटं म्हणून हाकललंत ना आमच्या पणजीला?" मॉसीचा आवाज चढला.

"हाकललं. पण लग्नाच्या आदल्याच वर्षी लंडनने कायदा बदलला होता. लग्न पक्कं होतं."

"आणि हे तुमच्यात कुणाला कळलं नाही?"

"कळणार कसं? आमच्याकडे वर्तमानपत्रातलं फक्त घोड्यांचं पान वाचत."

एप्रनला हात पुसत मॉसीची बायको ब्रीडा स्वयंपाकघरातून धावत आली. "अगं बाई! म्हणजे मी लेडी पॉन्सफोर्ड?"

"तू बटाटे सोल!" मॉसी ओरडला. मग मिस ऑनरकडे वळला. "नको मला तुमची पदवी. मी डिनी कॉटरचा नातू आहे. तुमची हवेली जाळणाऱ्याचा! आमच्या घराण्याकडे एवढं एकच वैभव आहे, त्यावर तुमचं सर-बिर चिकटवू नका."

बॅटी ग्लासात बोट घालून स्क्रू शोधत होता. तो थांबला. "अरे मॉसी, जॅस्पर आधी गेला, मग म्हातारा गेला. म्हणजे पुढचा सर डिनीच की. आणि हवेली पदवीबरोबर जायची ना हो, मिस ऑनर?"

"पदवीबरोबरच."

"म्हणजे मग एकवीस साली..." बॅटीने वाक्य तिथेच सोडलं. उरलेलं सगळ्या पबाने मनातल्या मनात पुरं केलं.

मॉसीने वर पाटीकडे पाहिलं. त्याचं तोंड एवढंसं झालं. आजोबाच्या मांडीवर बसून ऐकलेली गोष्ट होती ती. जगात त्याला तिच्याइतकं प्रिय दुसरं काही नव्हतं.

"बँड सांगून बसलोय हो मी," तो रडवेला होऊन म्हणाला. "स्वतःचंच घर पेटवलं म्हणून वाजवू काय?"

"वाजव," मिस ऑनर म्हणाल्या. "दुसऱ्याचं घर कुणीही पेटवतं. त्या घराचं काहीतरी करायची हिंमत आमच्यात एकट्या डिनीलाच झाली. बाकीच्यांनी ते नुसतं पावसात गळू दिलं. पाटी राहू दे."

त्यांनी खुर्ची ओढली आणि कुणी न सांगता बसल्या.

"आणि पदवी घे, नाहीतर खुंटीला टांग. मी तिच्यासाठी आलेच नाही. माझ्याच खुर्चीत मला बसवून वर 'आपलंच घर समजा' म्हणतो, केवढा हा उद्धटपणा, म्हणून मी पन्नास वर्षं त्या माणसाचं तोंड पाहिलं नाही. आता तो नाही, म्हणून तुझ्याकडे आले." त्यांनी हातमोजे काढून मांडीवर नीट ठेवले. "यजमानाचे आभार मानायचे राहिले होते."