कॅनडाला गेलेला महाभाग

"कोणाचा विश्वास बसणार नाही, पण तीन आठवडे टीमला पळवणारा बग मी एका चहात पकडला," घणसोलीच्या कंपनीतल्या कॅन्टीनमध्ये विलास सरांनी जाहीर केलं. ऑपरेटिंग सिस्टिमच्या कर्नलने, म्हणजे तिच्या गाभ्यातल्या प्रोग्रॅमने, घेतलेली मेमरी परत होते का, हे तपासणारी टेस्ट रोज फेल जात होती. सरांनी दोष टीममधल्या स्मिताच्या कोडवर टाकून तिची रजा रद्द केली होती, आणि भावाचं साताऱ्यातलं लग्न तिने व्हिडिओ कॉलवर बघितलं होतं.

"तुझा कोड स्वच्छ निघाला गं. टेस्टच मेमरी घेऊन परत द्यायला विसरत होती," सर समोर डबा खात बसलेल्या स्मिताकडे न बघता म्हणाले. मग गोष्ट रंगत गेली. ती टेस्ट म्हणे दहा वर्षांपूर्वी कुण्या महाभागाने लिहिली, तो कॅनडाला पळाला आणि आता तिथे टॅक्सी चालवतो. टेबलावर हशा पिकला. सरांच्या कानाच्या पाळ्या मघापासून तापल्या होत्या, त्यांना आता जरा हायसं वाटलं.

स्मिताने डब्याचं झाकण लावलं.

"सर, ती टेस्ट जूनमध्ये तुम्हीच लिहिलीये. मी सकाळीच कोडच्या नोंदीत तुमचं नाव बघितलं, पण तुम्ही स्वतःहून सांगाल म्हणून गप्प बसले होते."